पाठमोऱ्या बाईसाहेब

४ नोव्हेंबर

खटपटेबाईंस मामाचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. मामाला काम निघालं की भाची आठवते असं तुझी आई म्हणेलच, म्हणून मी आधीच कबूल करून टाकतो. काम आहे.

इथे खोऱ्यात फोन लागत नाही हे तुला माहीत आहे. टेकडीवर चढलं तर कधी कधी लागतो, पण वर पोहोचेपर्यंत मला इतका दम लागतो की समोरच्याला वाटतं कुणी धमकीचा फोन केलाय. म्हणून हे लिहून टेंपोवाल्याच्या हाती देतोय. तो आठवड्यातून दोनदा प्राण्यांचं खाणं घेऊन येतो.

आमच्या बचाव केंद्रात अस्वलाची एक मादी आहे. काळीभोर, जाड, आणि सगळ्या जगाने आपली सेवा करावी अशा थाटात चालणारी. मी तिला बाईसाहेब म्हणतो. बाईसाहेबांना दिवस गेलेत. थंडी वाढली की त्या गुहेत शिरतील आणि तिथेच बाळंत होतील. गुहा म्हणजे आम्ही बांधलेली सिमेंटची खोली, वर मातीचा ढीग, एक लोखंडी दार.

गेल्या हिवाळ्यातही त्या अशाच आत गेल्या होत्या. आत काय चाललंय काही कळेना. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी बरेच दिवस वाट बघितली आणि शेवटी दार उघडायला लावलं. पिल्लू जिवंत होतं ग. पण उजेड आत आला, माणसं दिसली आणि बाईसाहेब बिथरल्या. पिल्लाला तोंडात धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहिल्या, लपवायला जागा शोधत. जागा सापडेपर्यंत पिल्लू गेलं होतं.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात दुसऱ्या एका मादीला दूधच आलं नाही. तेव्हा आम्ही दार उघडलं नव्हतं आणि पिल्लू आत उपाशी मेलं. आता डॉक्टरीणबाई काय करतील सांग? उघडलं तरी जीव जातो, नाही उघडलं तरी जातो. त्या वाईट नाहीत. दुधाने तोंड पोळलंय आणि ताकानेही.

आत न जाता आत बघता आलं तर हा तिढा सुटेल. तू गाड्यांच्या मागे लावायचे कॅमेरे करतेस ना? एक आमच्या गुहेला दे. अडचण एकच आहे. बांधकामाच्या वेळी हवेसाठी मातीतून एक नळी ठेवली होती, बोटाएवढी जाड. आत जायला तेवढीच वाट आहे. तिच्यातून एक वायर कशीबशी जाईल. विजेची वेगळी आणि चित्राची वेगळी अशा दोन जाणार नाहीत. भोक मोठं करायला गेलो तर हादरे बसतील आणि बाईसाहेब त्या गुहेत पाऊल टाकणार नाहीत.

जमेल का? नाही जमलं तरी पत्र लिही.

तुझा मामा


११ नोव्हेंबर

मामास नमस्कार. साष्टांग घातला असता, पण माझ्या टेबलाखाली पाय ठेवायलाही जागा नाही.

एकच वायर हवी म्हणतोस, मामा, तर माझी सगळी नोकरी त्या एकाच वायरीवर चाललीय.

पार्सलमधली काळी वायर हातात घे. मधोमध एक तांब्याची तार आहे आणि भोवती जाळीचं कवच. तुमच्या ऑफिसातल्या टोकाकडून आपण त्या तारेत वीज सोडायची, कॅमेरा ती खाऊन जगतो. आणि त्याच तारेतून, त्याच क्षणी, कॅमेरा चित्र उलट पाठवतो. शिवाय 'जरा उजेड वाढव' असा निरोप आपण त्याला पाठवतो तोही त्यातूनच. आवाजही त्यातूनच येतो, कारण कॅमेऱ्याच्या पेटीत छोटा माइक आहे; पेटी पेन्सिलीएवढी बारीक आहे, वायरीबरोबर नळीतून सरकेल. एकाची दुसऱ्याला टक्कर होत नाही. मी रोज हे बघते आणि रोज माझं तोंड उघडं राहतं. अन्न जातं त्याच वाटेने नजर परत येते.

कसं ते सांगते. वीज संथ असते, एका पातळीवर वाहते. चित्र मात्र एका सेकंदात अब्जावधी वेळा थरथरतं. म्हणून वायरीच्या दोन्ही टोकांना दोन फाटे असतात. विजेच्या फाट्यावर आम्ही मणी बसवतो. खरोखरचे मणी, तिळाहून लहान. संथ वीज त्यांच्यातून निघून जाते, थरथरणाऱ्याला ते अडवतात. दुसऱ्या फाट्यावर याच्या उलट स्वभावाचा तुकडा असतो, तो थरथर जाऊ देतो आणि विजेला दारातून परत पाठवतो.

काचेवर वाफ धरली तर पुसायला आत कोण जाणार? म्हणून काचेमागे केसाएवढी तापणारी तार आहे. ओल लागली की ती आपोआप चालू होते. दिवाही आहे, पण त्याचा उजेड बाईसाहेबांना दिसत नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसतो.

दोन गोष्टी लक्षात ठेव. वायर कापू नकोस. आणि आवाजात बारीक गुणगुण ऐकू आली तर तिकडे लक्ष देऊ नकोस. आजूबाजूचे पंप, ट्यूबलाइट, विजेचे डबे यांची घाण वायरीवर चढते, ती तशी गुणगुणते.

कॅमेरा, वायर आणि पडद्याचा डबा असा हा जोड आमच्या साहेबांच्या परवानगीने पाठवतेय. पेटीला ओरखडा होता म्हणून बाद ठरलेला. त्यांनी विचारलं, कुठल्या गाडीला? मी म्हटलं, अस्वलाला. त्यांनी फॉर्मवर 'अस्वल' असं लिहिलं आणि सही केली.

खटपटे


२१ नोव्हेंबर

खटपटेबाईंस आशीर्वाद.

दिसल्या ग! बाईसाहेब दिसल्या!

ऑफिसच्या टेबलावर डब्याएवढा पडदा, त्याच्याभोवती आम्ही सगळे. डॉक्टरीणबाई, पहारेकरी, स्वयंपाकीण, सगळे. पहारेकऱ्याने तर टोपी काढली. बाईसाहेब आत आल्या, सुकलेला पाला नखांनी ओढला, त्यावर बसून बघितलं, पसंत पडला नाही, उठून पुन्हा ओढला. इतकी वर्षं मी त्यांचं खाणं-पिणं करतो, पण कुणी बघत नसताना त्या कशा असतात ते मला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकीण हळूच म्हणाली, 'आपण बघतोय हे बरं आहे का?' पडद्यावरून नजर मात्र कुणी काढली नाही.

आता तक्रारी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

पहिलं विघ्न असं, की कॅमेरा चालू केला की आमचा रेडिओ नुसता खरखरतो. जंगलात सोडलेल्या प्राण्यांच्या गळ्यात पट्टे आहेत, त्यांची टिकटिक आम्ही त्या रेडिओवर ऐकतो. टिकटिक ऐकू आली नाही तर कोण कुठे गेलं कसं कळणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका अस्वलासाठी बाकीच्यांना वाऱ्यावर सोडता येणार नाही.

दुसरं विघ्न विचित्र आहे. बाईसाहेब लांब असल्या की चित्र आरशासारखं. कॅमेऱ्याजवळ येऊन तोंड पुढे करून बघायला लागल्या की चित्राच्या चिंध्या होतात आणि पडदा काळा. त्या लांब गेल्या की थोड्या वेळाने पुन्हा सगळं ठीक. पहारेकरी म्हणतो, त्यांना नजर लागलेली आवडत नाही. मला हसू आलं, पण खरं सांगू, दुसरं कारणही सापडत नाही.

आणि एक. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? वायर कापली. ऑफिसच्या खिडकीच्या चौकटीतून तुझं ते पितळी टोक जाईना. मग ते कापलं, तार आत ओवली, भोवतीची जाळी पिळून तिची छान शेंडी वळली आणि स्क्रूखाली दाबली. पक्की बसलीय.

मामा


२८ नोव्हेंबर

मामास नमस्कार.

तुझी शेंडी वाचून मी कपाळावर हात मारला. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनेही वाचून मारला. आमच्या धंद्यात शेंडी हे सगळ्यात मोठं पाप आहे. ती जाळी म्हणजे वायरीचा अंगरखा. तो टोकापर्यंत चहूबाजूंनी बंद असायला हवा. तू तो शेवटी उघडा टाकलास आणि आतली सगळी थरथर तुझ्या त्या शेंडीवरून बाहेर पडून रेडिओत शिरली. शेंडी कसली, अँटेनाच ती. नवीन टोक आणि ते दाबायची पकड पाठवतेय. जाळी उलटी पसरून टोकावर सगळीकडून बसव, मग पकड आवळ. कुठेही फट नको.

दुसऱ्या विघ्नाचं मात्र कळेना. मला वाटलं, बाईसाहेब अंग घासतात आणि सांधा हलतो. इथे तसाच जोड लावला, हलवला, आपटला, वायर पिळली. चित्र ढिम्म हलेना.

(चहानंतर पुढे.)

मामा, सापडलं! काचेवर धूळ आहे का म्हणून मी तोंड अगदी जवळ नेलं आणि फुंकर मारली. पडद्यावर माझ्या चिंध्या झाल्या आणि मी काळोखात गेले. मीच अस्वल झाले होते.

बघ काय होतं ते. त्या जवळ येऊन श्वास सोडतात. काचेवर वाफ धरते. ओल लागली म्हणून तापणारी तार चालू होते. ती चालू झाली की वायरीतून एकदम दुप्पट वीज धावते, आणि ती सगळी त्या तिळाएवढ्या मण्यांतून. मण्याचं एक आहे. थोडी वीज असली की तो चोख पहारा देतो, फार वीज वाहिली की तो तुडुंब भरतो आणि त्याची अडवायची ताकदच जाते. मग चित्र विजेच्या फाट्याने गळून जातं. मण्यांच्या माहितीपत्रकात जो आकडा छापलेला असतो तो रिकाम्या मण्याचा असतो. लग्नाच्या स्थळासारखंच, अंगावर ओझं पडल्यावर कसा वागेल ते कुणी छापत नाही.

ते ओझ्याखाली बघायला हवं होतं. आता बघितलं. कोठारातून जेवढ्या जातीचे मणी मिळाले ते सगळे आणले, एकेकातून तापणाऱ्या तारेला लागते ती धरून पूर्ण वीज सोडली आणि मग तो किती अडवतो ते मोजलं. देखणे देखणे आडवे झाले. शेवटी तीन जण टिकले आणि त्यांची रांग लावली. सगळ्यात लहान मणी तारेला अगदी चिकटून, कारण सगळ्यात जलद थरथर त्यालाच दिसते. मग मधला. मग मोठी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, ती संथ निरोप अडवते. मोठी कॉइल एकटी पुरत नाही, जलद थरथर तिच्या वेटोळ्यांवरून उडी मारून जाते. एकाला जमत नाही ते तिघं मिळून करतात, आणि सगळे मिळून तुझ्या अंगठ्याच्या नखावर मावतील. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना बघताना मला त्यांना नमस्कार करावासा वाटला. हसू नकोस.

साहेबांना दाखवलं. धुक्यात गाडीच्या काचा तापतात तेव्हा आपल्या कॅमेऱ्यांचंही हेच होत असणार, असं म्हणून ते धावतच वर गेले. तेव्हा बाईसाहेबांना आमच्याकडून धन्यवाद कळव.

नवा कॅमेरा आणि नवा डबा पाठवतेय. जुना नळीतून मागे ओढून घे, हळू.

खटपटे


१२ डिसेंबर

खटपटेबाईंस आशीर्वाद.

शेंडी कापली. रेडिओ स्वच्छ, पट्ट्यांची टिकटिक मोजून घ्यावी इतकी साफ. आणि बाईसाहेबांनी परवा कॅमेऱ्याला नाक लावून पूर्ण पडदा व्यापला, ओल्या नाकपुड्या, श्वास आत बाहेर, आणि चित्र जागचं हललं नाही! काचेवर वाफ यायची, हळूहळू विरायची, पुन्हा यायची. डॉक्टरीणबाई खुर्चीवर पुढे सरकून नुसता तो श्वास बघत बसल्या होत्या.

पण आता खरी गोष्ट सांगतो. बाईसाहेबांनी खाणं सोडलंय. गुहेतून बाहेर येत नाहीत. मंगळवारी सकाळी त्या फार अस्वस्थ होत्या, आणि मग एकदाच, अगदी बारीक, कुई असा आवाज आला. आम्ही सगळे उभे राहिलो. त्यानंतर बाईसाहेबांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली ती आजतागायत केलेलीच आहे. स्वच्छ, सुंदर, न हलणारं चित्र, आणि त्यात फक्त एक काळी पाठ. केसन् केस दिसतो ग. पण पोटाशी काय आहे ते दिसत नाही. कुई पुन्हा आली नाही.

पिल्लू जगलं का? दूध आहे का? डॉक्टरीणबाई दिवसभर आवाज लावून बसतात, पण तू म्हणाली होतीस ती गुणगुण सारखी चालू असते, तिच्याखाली काही असलं तरी कळत नाही. त्या म्हणतात, ही घाण काढता आली तर पिल्लाचा आवाज ऐकू येईल. नाहीतर त्या जास्त थांबणार नाहीत. या वेळी भूल देऊन, दार उघडून, पिल्लू काढून बाटलीवर वाढवायचं ठरवतायत. बाटलीवर वाढलेलं पिल्लू जगतं, पण मग ते जंगलात जाऊ शकत नाही. जन्मभर पिंजऱ्यात. आणि भूल चढेपर्यंत बाईसाहेब काय करतील ते मी गेल्या वर्षी बघितलंय.

ध्वनिमुद्रणाचं कार्ड सोबत आहे. त्या गुणगुणीचं काहीतरी कर बाई.

मामा


१६ डिसेंबर

मामास नमस्कार.

कार्ड ऐकलं. गुणगुण चांगलीच आहे. मला वाटलं होतं त्याहून जास्त. मला लाज वाटली, कारण बाकी सगळं इतकं स्वच्छ झाल्यावर ही राहावी म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

खाली, जाड आवाजात, पंपाची किंवा ट्यूबलाइटची असते तशीच आहे. तू एक कर. एक दिवस पंप बंद ठेव आणि ऐक. मग ट्यूबलाइट बंद. मग ऑफिसची सगळीच वीज बंद करून कॅमेरा टेंपोच्या बॅटरीवर चालव. कशाने ती थांबते ते कळव, म्हणजे शत्रू कोण ते कळेल.

पण तितका वेळ नाही हे मला कळतंय. म्हणून सोबत एक कार्ड पाठवतेय. डब्यात घाल. त्यात अशी गाळणी आहे की ती बरोबर त्या गुणगुणीच्या पट्टीतला आवाज कापून टाकते, बाकीचा ठेवते. पिल्लाची कुई वरच्या पट्टीत असते, ती राहील. डॉक्टरीणबाईंना शांततेत ऐकता येईल.

सापडेल, मामा. पिल्लू असेल तर ऐकू येईलच.

खटपटे


२३ डिसेंबर

खटपटेबाईंस आशीर्वाद.

तुझी गाळणी बसवली. गुणगुण गेली. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. पाला सरकतो तो ऐकू येतो, बाईसाहेबांचा सुस्कारा ऐकू येतो. पिल्लाचं मात्र काही नाही.

डॉक्टरीणबाई त्या शांततेत दोन दिवस बसल्या. काल त्या उठल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, 'आता वाट बघण्यात अर्थ नाही. पिल्लू असेल तर त्याच्या अंगात ओरडण्याइतकीही ताकद उरलेली नाही.' येत्या रविवारी सकाळी दार उघडायचं ठरलंय. भुलीची बंदूक खालच्या केंद्रातून मागवलीय. मी त्यांना काय बोलणार? माझ्याकडे एका पाठीशिवाय काही पुरावा नाही.

तू सांगितलेले प्रयोग गाळणी बसवण्याआधी केले होते, ते तुझ्या कामापुरते लिहितो. पंप बंद केला, गुणगुण चालूच. ट्यूबलाइट बंद, चालूच. सगळी वीज तोडून टेंपोच्या बॅटरीवर लावलं, तरी चालूच. पण ती अखंड नसते. बराच वेळ चालते, मग थांबते. बाईसाहेब उठून कूस बदलतात तेव्हा हमखास थांबते, आणि त्या पुन्हा आडव्या झाल्या की थोड्या वेळाने सुरू होते. मला वाटतं त्यांच्या अंगाखाली वायर दाबली जात असेल.

तू फार केलंस. तुझ्या आईला सांगू नकोस मी असं लिहिलं म्हणून, पण गेले दोन दिवस मला जेवण जात नाही.

मामा


२६ डिसेंबर

मामा, दार उघडू नका.

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. तुमचा टेंपोवाला इथे बाजारात येतो तिथे जाऊन त्याच्या हातात देतेय आणि थेट तुझ्याच हातात द्यायला सांगतेय. सकाळपासून टेकडीचा फोन लावतेय, कुणी वर नाही. डॉक्टरीणबाईंना वाचून दाखव. माझी गाळणी आत्ताच्या आत्ता काढून टाक, मग बाकीचं वाच.

तू पंप बंद केलास. ट्यूबलाइट बंद केलीस. सगळी वीज तोडलीस. मग आवाज कशाचा? बॅटरीवर काहीच गुणगुणत नाही, मामा. आणि वायर नळीत आहे, कुणाच्या अंगाखाली नाही. घाण बाहेरून येत असती तर बाईसाहेबांनी कूस बदललेली तिला कळली नसती. मी एकेक वजा करत गेले, आणि शेवटी जे उरलं ते विजेचं नव्हतंच.

आमच्याकडे एक खोली आहे. भिंतींना आतून फोमचे सुळके, बाहेरचा रेडिओ आत येत नाही, पंख्याचाही आवाज नाही. तिथे दार लावून तू पाठवलेलं कार्ड पुन्हा लावलं. या वेळी ते काढून टाकायचं म्हणून ऐकलं नाही, नुसतं ऐकलं. वायरीची गुणगुण एका सुरात असते, ती थकत नाही. ही थकते. ही मध्येच अडखळते, श्वास घेते आणि पुन्हा धरते. मध्ये एकदा तर उचकी आहे!

मग पुस्तकं काढली. अस्वलाचं पिल्लू दूध पिताना गुणगुणतं, मामा. सतत, पोट भरेपर्यंत. रडत नाही कारण त्याला रडायचं कारणच नाही. आई उठली की दूध सुटतं आणि ते थांबतं, आई आडवी झाली की पुन्हा लागतं. तू सगळं बरोबर लिहिलंस आणि मीच तुला आधी सांगून ठेवलं होतं की तिकडे लक्ष देऊ नकोस. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते. वर ते पिल्लू मी स्वतःच्या हाताने गाळून टाकलं.

मी त्या खोलीत बसून रडले. भीतीने पण, आणि दुसऱ्या कशाने तरी पण. मातीखाली, काळोखात, कुणी बघितलेला नाही असा एक जीव दूध पितोय आणि त्याचं सुख त्या एका तारेतून माझ्यापर्यंत आलंय.

एक गोष्ट खरी खरी सांगते. आवाजाचा आलेख काढला तर त्या पट्टीत दोन रेषा दिसतात. एक ठळक, आणि तिच्या जरा वर एक पुसट. ठळक रेष पिल्लाची. पुसट कसली ते मला कळत नाही. ती कदाचित खरंच वायरीची घाण असेल. तिच्यावरून ठळक रेषेवर शंका घेऊ नका.

खटपटे


२८ डिसेंबर

खटपटेबाईंस आशीर्वाद.

टेंपोवाला आला तेव्हा आम्ही गुहेच्या दारापाशी उभे होतो. डॉक्टरीणबाईंच्या हातात बंदूक, पहारेकऱ्याच्या हातात कडी. टेंपोवाल्याने पत्र थेट माझ्या हातात दिलं, डॉक्टरीणबाई मागत असताना. तू त्याला काय दटावलं होतंस कोण जाणे.

मी मोठ्याने वाचलं. गाळणीपर्यंत आलो आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'थांबा.' आम्ही सगळे ऑफिसात. कार्ड काढलं. सुरुवातीला काहीच नाही. बाईसाहेब बसलेल्या होत्या. कुणी खुर्ची ओढली तर स्वयंपाकिणीने डोळे वटारले. मग बाईसाहेब आडव्या झाल्या, तीच पाठ आमच्याकडे करून. आणि सुरू झाली ग. तीच घाण. तीच, आम्ही दिवसेंदिवस शिव्या घातलेली.

डॉक्टरीणबाईंनी बंदूक टेबलावर ठेवली आणि कान त्या डब्याला लावला. आधी भुवया आवळलेल्या होत्या, मग त्या सैल झाल्या. मध्ये ती अडखळली, श्वास घेतला, पुन्हा लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'पितंय. पोटभर पितंय.' आजवर आमच्याकडचं प्रत्येक पिल्लू आम्ही बाहेर काढून तरी वाढवलं किंवा मेलेलं तरी बघितलं. आईपाशी सुखात असलेलं पिल्लू कसं वाजतं ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. कसं असणार, दारात माणूस उभा असताना कुठलं पिल्लू गाणार?

दार बंद आहे. बंदूक परत पाठवली. दुसऱ्या रेषेचं म्हणशील तर आमच्या कानांना एकच गुणगुण ऐकू येते.

मी आज जेवलो. दोनदा.

मामा


७ जानेवारी

मामास नमस्कार.

तुझं पत्र आमच्या साहेबांनीही वाचलं. आता रोज सकाळी विचारतात, 'काय म्हणतात आपल्या गिऱ्हाईकबाई?'

ती पुसट रेष मला सलते. कवच तपासलं, डब्याची वीज तपासली, मणी पुन्हा ओझ्याखाली घातले. माझ्या बाजूला काही सापडत नाही. पूर्वीची मी असते तर अजून एक गाळणी पाठवली असती. आता हात लावायची हिंमत नाही. राहू दे ती. जे कळत नाही ते मी यापुढे लगेच पुसणार नाही.

खटपटे


१९ फेब्रुवारी

खटपटेबाईंस आशीर्वाद.

टेंपो उभा आहे, घाईत लिहितोय.

आज ऊन चांगलं पडलं. आम्ही दाराची कडी काढून लांब कुंपणामागे जाऊन बसलो. बाईसाहेबांनी आपल्या हाताने दार ढकललं. आधी नाक बाहेर, ते आम्ही पडद्यावर पाहिलेलं नाक. मग डोकं. हाडं दिसत होती इतक्या रोडावल्यात, पण थाट तोच. त्या उन्हात आल्या आणि जराशा वळल्या, आणि त्यांच्या पाठीवर, ज्या पाठीला मी इतके दिवस नावं ठेवली त्याच पाठीवर, केसांत मुठी रोवून एक पिल्लू बसलेलं होतं. डोळे मिचकावत. डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की अजून दुखतंय.

मग बाईसाहेबांनी अंग झाडलं आणि त्या पिल्लाच्या मागून, केसांतून, आणखी एक डोकं वर आलं. पहिल्याहून लहान.

तुझी वायर स्वच्छ होती, पोरी. ती पुसट रेषसुद्धा दूधच पीत होती.

मामा